पुणे स्मार्ट सिटी: प्रकल्प मोजले, कार्बन राहून गेला

२८ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने स्मार्ट सिटी मिशनच्या पहिल्या फेरीतल्या वीस शहरांची यादी जाहीर केली. भुवनेश्वर पहिलं आलं, पुणे दुसरं. पाच महिन्यांनी, २५ जूनला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पंतप्रधानांच्या हस्ते कामांचा शुभारंभ झाला. पुढे मुदतवाढी मिळत गेल्या आणि ३१ मार्च २०२५ ला मिशन संपलं. देशभरात आठ हजारांहून अधिक प्रकल्प आणि सुमारे १.६४ लाख कोटी रुपये, असा हिशेब सरकारने मांडला.

या हिशेबात एक रकाना नाही. या सगळ्यातून शहर कार्बनच्या बाबतीत जास्त कार्यक्षम झालं का, याचं उत्तर त्यात सापडत नाही. पुण्याचं प्रकरण त्यासाठी उघडून बघण्यासारखं आहे. इथे पैसा होता, तंत्रज्ञ होते, बोलके नागरिक होते आणि देशातला दुसरा क्रमांकही होता. एवढं असूनही उत्तर तुकड्यातुकड्यांतच द्यावं लागतं.

आधी शब्द नीट करून घेऊ. कार्बन उत्सर्जन कमी होणं आणि कार्बन कार्यक्षमता वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून शहराने काय कमावलं, हा कार्यक्षमतेचा प्रश्न. कमाई म्हणजे उत्पन्न असेल, किती प्रवासी किती किलोमीटर गेले ते असेल, किंवा किती लिटर पाणी घरात पोहोचलं ते असेल. शहराचं उत्पन्न दुप्पट झालं आणि उत्सर्जन दीडपट, तर कार्यक्षमता वाढली असं गणित म्हणेल. हवामानाच्या वाट्याला मात्र दीडपटच येईल.

या विषयावरचा बराच अभ्यास चीनमधून येतो, आणि त्यामागे कारण आहे. चीनने २०१२ मध्ये प्रायोगिक स्मार्ट शहरांची पहिली तुकडी निवडली. त्यात शहरं, जिल्हे, नगरं मिळून नव्वद नावं होती. नंतर आणखी तुकड्या आल्या. काही शहरं आत, काही बाहेर, आणि तीही वेगवेगळ्या वर्षी. संशोधकांना याहून सोयीची परिस्थिती कुठली? निवडलेल्या आणि न निवडलेल्या शहरांचा आधीचा आणि नंतरचा प्रवास शेजारी ठेवायचा, मनुष्यबळ, भांडवल आणि ऊर्जा हे खर्चाच्या बाजूला धरायचं, उत्पन्न मिळकतीच्या बाजूला, कार्बन नको असलेल्या मिळकतीत, आणि फरक काढायचा. बहुतेक अभ्यासांत निवडलेल्या शहरांची कार्यक्षमता वाढलेली दिसते. कारणं म्हणून तांत्रिक नावीन्य आणि जड उद्योगांकडून सेवाक्षेत्राकडे सरकणं ही दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. दुसऱ्या कारणाकडे मी जरा संशयाने बघतो. पोलादाचा कारखाना शहराच्या हद्दीबाहेर गेला की शहराचा आकडा सुधारतो, पण धूर फक्त पत्ता बदलतो.

आपल्याकडे अशी तुलनाही करता येत नाही, कारण शहरवार, वर्षवार उत्सर्जनाची सलग मालिकाच नाही. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत शहराच्या ऊर्जेच्या गरजेपैकी किमान १० टक्के सौरऊर्जेतून यावी अशी अट होती. नव्याने बांधायच्या भागात ८० टक्के इमारती ऊर्जाबचतीच्या हव्यात, असंही होतं. कार्बनसाठी पायाभूत वर्ष ठरवा, इतके टन कमी करा, असं मात्र कुठे नव्हतं. मोजमाप होतं ते निविदा किती निघाल्या, कार्यादेश किती दिले, खर्च किती झाला याचं. हवामानाच्या दृष्टीने शहरं तपासण्याची केंद्राची चौकट आली २०१९ मध्ये, म्हणजे जून २०१५ मध्ये मिशन सुरू होऊन जवळपास चार वर्षांनी. तिच्या २०२१ च्या निकालात चार तारे मिळवणाऱ्या नऊ शहरांत पुणेही होतं आणि पिंपरी-चिंचवडही. तारे मिळाले, कौतुक झालं. पण त्या चौकटीतले २८ निर्देशांक बऱ्याच अंशी योजना आहे का, समिती आहे का, टक्केवारी किती अशा स्वरूपाचे आहेत. त्यांवरून शहराने एका टनामागे काय कमावलं ते निघत नाही.

आता शेजारी बघा. मुंबई मिशनच्या अंतिम यादीत कधीच आली नाही. आणि त्याच मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ चं उत्सर्जन २.३४ कोटी टन, म्हणजे दरडोई सुमारे १.८ टन, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. त्यातला सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा इमारती आणि उद्योगांतल्या ऊर्जावापराचा, सुमारे २० टक्के वाहतुकीचा, बाकी कचऱ्याचा. २०५० पर्यंत निव्वळ शून्याचं उद्दिष्टही आहे. ते गाठलं जाईल का, हा वेगळा विषय. पण मोजण्याचं काम स्मार्ट सिटी नसलेल्या शहराने केलं आणि स्मार्ट सिटीच्या यादीत दुसऱ्या आलेल्या शहराला मिशनने ते विचारलंही नाही, ही गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

औंध-बाणेर-बालेवाडी आणि हद्दीचा घोळ

मिशनची रचना अशी होती: शहरातला एक भाग निवडून त्याचा सर्वांगीण विकास करायचा आणि जोडीला एक-दोन विषय शहरभर राबवायचे. केंद्राचे पाच वर्षांत पाचशे कोटी, तेवढाच वाटा राज्य आणि महापालिकेचा. पैसे खर्च करायला कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी. पुण्याने भाग निवडला औंध-बाणेर-बालेवाडीचा, सुमारे नऊशे एकर. शहरव्यापी विषय निवडले वाहतूक आणि पाणी. विषयांची निवड अचूक होती. कोणत्याही महापालिकेचा स्वतःचा कार्बन प्रामुख्याने या दोन दारांतून बाहेर पडतो. भागाच्या निवडीवर तेव्हाही टीका झाली की आधीच बरं असलेल्या वस्तीला आणखी बरं करताय. कार्बनच्या दृष्टीने माझी हरकत वेगळी आहे.

औंध, बाणेर, बालेवाडी हे प्रामुख्याने राहण्याचे भाग. इथल्या हजारो लोकांची नोकरी हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये. हिंजवडी पुणे महापालिकेच्या हद्दीत नाही. ती पिंपरी-चिंचवडला लागून आहे, पण त्या महापालिकेतही नाही. म्हणजे सकाळी नऊ वाजता बाणेरहून निघालेल्या गाडीचा अर्धा धूर पुण्याच्या खात्यात, अर्धा हद्दीपलीकडे, आणि त्या माणसाने दिवसभर केलेली कमाई तिसरीकडे. कार्यक्षमतेच्या अपूर्णांकातला अंश एका हद्दीत आणि छेद दुसऱ्या हद्दीत असेल तर उत्तर काहीही येऊ शकतं. विजेचं तसंच. बालेवाडीच्या इमारतीत वातानुकूलन चालू होतं, आणि त्यामागचा कोळसा चंद्रपूर-कोराडीला जळतो. शहराच्या आकाशात तो धूर दिसत नाही म्हणून हिशेबातून सुटत नाही. तिथल्या लोकांच्या फुप्फुसांतून तर नाहीच नाही.

त्यात हद्दही स्थिर राहिली नाही. २०१७ मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. २०१५ चं पुणे आणि २०२५ चं पुणे यांची सरळ वजाबाकी करणं म्हणजे एका माणसाचं वजन आधी आणि त्याच्या कुटुंबाचं नंतर मोजण्यासारखं आहे.

तेव्हा शहराचा एकच आकडा काढण्याचा हट्ट सोडून मी कामं एकेक करून बघितली. पुढची गणितं माझी, ढोबळ आहेत. वीज एक युनिट वापरली की देशाच्या ग्रिडमधून सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकड्यांच्या आसपासचा गुणक मी सगळीकडे धरला आहे.

दिवे

सोडियमचे दिवे काढून एलईडी लावणं हे प्रत्येक स्मार्ट सिटीचं हमखास काम. १५० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट १७० वॅट खातो; त्या जागी ७० वॅटचा एलईडी लावला तर शंभर वॅट वाचतात. वर्षाला चार हजार तास धरले तर चारशे युनिट, म्हणजे २९० किलो कार्बन. असे एक लाख दिवे बदलले तर वर्षाला २९ हजार टन. मोठं वाटतं. पण मुंबईचा दरडोई आकडा पुण्याला लावला आणि लोकसंख्या चाळीस लाख धरली तर शहराचं उत्सर्जन ७२ लाख टनांच्या घरात जातं. म्हणजे बचत अर्ध्या टक्क्याहून कमी.

तरी हे काम करावंच. पैसे वाचतात, आणि दिव्यामागे प्रकाश तेवढाच ठेवून वीज घटते, ही शुद्ध कार्यक्षमता आहे. फक्त वाचलेल्या विजेवर पुलांना रंगीत रोषणाई करायची नाही, एवढं पथ्य.

बस

इथे जरा थांबावं लागेल, कारण पुण्याच्या स्मार्ट सिटीचं सर्वांत ठोस आणि सर्वांत गैरसमज झालेलं काम हेच आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, ताफ्यात पहिल्या इलेक्ट्रिक बस आल्या. सुरुवात पंचवीस नऊ-मीटरी गाड्यांनी झाली, पहिल्या टप्प्याचं लक्ष्य दीडशे. भेकराईनगर आणि निगडी आगारांत चार्जर बसले. गाड्या पीएमपीने विकत घेतल्या नाहीत. ठेकेदाराची गाडी, ठेकेदाराचा चालक, ठेकेदाराची देखभाल, पीएमपीचा वाहक, आणि धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेले पैसे. नंतर केंद्राच्या फेम या इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या अनुदान योजनेतून आणखी गाड्या आल्या. भारतातल्या शहरांत इतक्या लवकर इतका मोठा इलेक्ट्रिक ताफा उभा करणारी शहरं थोडी, आणि त्याचं श्रेय पुण्याला द्यायलाच हवं.

आता कार्बन. बारा मीटरची वातानुकूलित इलेक्ट्रिक बस चार्जिंगची गळती धरून किलोमीटरला साधारण १.४ युनिट घेते. म्हणजे सुमारे एक किलो कार्बन. पीएमपीच्या ताफ्यात सीएनजीचा वाटा आधीपासूनच मोठा होता. साधी सीएनजी बस किलोला तीन किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला सुमारे ०.९ किलो. म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवर नवी वातानुकूलित बस जुन्या बिनवातानुकूलित बसच्या जवळजवळ बरोबरीत, किंचित मागेच. वातानुकूलित सीएनजी बसशी तुलना केली तर इलेक्ट्रिक पुढे जाते. नऊ मीटरची गाडी तर बरीच पुढे जाते. आणि डिझेलचा धूर स्वारगेटच्या चौकात नाकात जायचा थांबला, हा फायदा कार्बनच्या गणितात येत नाही म्हणून खोटा नाही. शिवाय ग्रिड जसजसं स्वच्छ होईल तसतशी हीच बस, एक नटही न बदलता, स्वच्छ होत जाईल. सीएनजी बसचं तसं होत नाही.

पण आजची कार्यक्षमता ठरते ती बसमध्ये बसलेल्या माणसांवर. एसटी-पीएमपीच्या भाषेत भारमानावर. ही बस चाळीस माणसं घेऊन गेली तर माणशी किलोमीटरला २५ ग्रॅम. वीस माणसं असतील तर ५० ग्रॅम. एकटा माणूस स्कूटरवर, लिटरला ४५ किलोमीटर धरून, सुमारे ५१ ग्रॅम सोडतो. कारमध्ये एकटा बसलेला दीडशेच्या पुढे. म्हणजे वीसपेक्षा कमी प्रवासी घेऊन फिरणारी ही बस कार्बनच्या हिशेबात स्कूटरपेक्षा वाईट आहे. तिच्यापेक्षा मित्राला मागे बसवून जाणारा बरा.

म्हणून मला इलेक्ट्रिक बस किती घेतल्या यापेक्षा त्यांना माणसं किती मिळाली हा आकडा महत्त्वाचा वाटतो. आणि माणसं मिळायला बस वेळेवर यावी लागते, त्यासाठी तिला रस्ता मोकळा लागतो. इथे शहराने उलट दिशेला पावलं टाकली. देशात बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचा, पहिला प्रयोग २००६ मध्ये पुण्यानेच केला. तो बिघडला, सुधारला, पुन्हा बिघडला. मिशन चालू असतानाच नगर रस्त्यावरचा बीआरटी मार्ग उखडण्यात आला. पीएमपीच्या एकूण गाड्याही गरजेच्या मानाने कमीच राहिल्या; नव्या येत होत्या तशा आयुष्य संपलेल्या जुन्या बाद होत होत्या. जून २०२५ पासून किमान तिकीट पाचाचं दहा रुपये झालं. पीएमपीची तूट खरी आहे, भाडेवाढ बरीच वर्षं झाली नव्हती हेही खरं. पण दोन थांब्यांसाठी दहा रुपये आणि दारात उभी असलेली स्कूटर, यातला हिशेब पुणेकर फार पटकन करतो.

एक बाजू केंद्राच्या, कंपनीच्या पैशाने बस आणते, दुसरी बसची मार्गिका काढते. दोन्ही बाजू एकाच शहराच्या आहेत.

सायकल, पदपथ आणि पार्किंग

डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला भाड्याच्या सायकली आल्या. पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशी नावं एकामागोमाग आली. शहराचा सायकल आराखडाही त्याच सुमारास मंजूर झाला. तोडफोड, चोऱ्या, आणि मुख्य म्हणजे सायकल चालवायला अखंड मार्ग नसणं. दोनेक वर्षांत बहुतेक कंपन्या गेल्या. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात हे व्हावं याची चुटपुट अनेकांनी लिहिली आहे, मी वाढवत नाही. कार्बनच्या हिशेबात भाड्याच्या सायकलीने कारची फेरी वाचवली तरच काही जमा होतं. चालणाऱ्याला सायकलवर बसवलं तर जमा शून्य.

औंधचे रुंद पदपथ मात्र टिकले. सुरुवातीला व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनीही आरडाओरडा केला होता. आज संध्याकाळी तिथे चालणारी माणसं दिसतात. हे कुठल्याही सेन्सरशिवायचं, दगड-सिमेंटचं काम आहे.

आणि मग ते काम, जे झालंच नाही. २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंग धोरण आणलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा, गर्दीच्या रस्त्यावर जास्त मोजा. मार्चमध्ये सर्वसाधारण सभेत मोठा गदारोळ झाला आणि शेवटी पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक तत्त्वावर ते मंजूर झालं. ते पाच रस्तेही झाले नाहीत. गंमत म्हणजे त्याच मार्चच्या अखेरीस शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेल्याचं, म्हणजे माणसांहून वाहनं जास्त झाल्याचं, जाहीर झालं. त्यातली जवळपास तीन-चतुर्थांश दुचाकी. नोंदणीतली सगळी वाहनं रस्त्यावर नसतात, मान्य. तरी दिशा कळते.

पार्किंगला पैसे लावणं हे या सबंध प्रकरणातलं सर्वांत स्वस्त हत्यार होतं. त्यातून बससाठी पैसा आला असता, भारमान वाढलं असतं, आणि इलेक्ट्रिक बसचा एक किलो चाळीस जणांत वाटला गेला असता. पण त्याला निविदा लागत नाही, उद्‍घाटन करता येत नाही, आणि प्रत्येक माननीय नगरसेवकाच्या प्रभागात मतं जातात.

त्याऐवजी शहराने सिग्नल हुशार केले. गर्दी बघून हिरव्या दिव्याची वेळ बदलणारी यंत्रणा सव्वाशेच्या आसपास चौकांत बसवली. अशा यंत्रणेने उभ्या गाड्यांचं जळणारं इंधन वाचतं, यात शंका नाही. पण चौकातून गाड्या सुरळीत निघू लागल्या की नव्या गाड्यांना आमंत्रण मिळतं, हा जगभरचा अनुभव आहे. त्यात विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून तिथे मेट्रोसह नव्याचं काम सुरू झालं, ठिकठिकाणी रस्ते खोदलेले. टॉमटॉम या कंपनीच्या वाहतुकीच्या २०२४ च्या निर्देशांकात दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागणारं पुणे जगातलं चौथ्या क्रमांकाचं संथ शहर ठरलं. सिग्नल नसते तर यापेक्षा वाईट झालं असतं, असा युक्तिवाद करता येतो. तो तपासायला चौकवार आधीचे-नंतरचे आकडे लोकांसमोर असायला हवेत.

पाणी

वाहतुकीवर सगळे बोलतात. पाण्यातला कार्बन कुणाला दिसत नाही. महापालिकेच्या वीजबिलात पंपिंग हा फार मोठा खर्च असतो. खडकवासला धरणातून उचललेलं पाणी शुद्ध करून टेकड्यांवरच्या टाक्यांत चढवायचं, आणि महापालिकेच्याच अंदाजाप्रमाणे त्यातलं सुमारे ४० टक्के गळतीत आणि बेहिशेबी वापरात जायचं. म्हणजे घरात एक लिटर पोहोचवायला १.६७ लिटर उचलायचं. गळती १५ टक्क्यांवर आणली तर तेच १.१८ लिटर होतं. पोहोचलेल्या प्रत्येक लिटरमागची वीज आणि तिचा कार्बन जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. दिव्यांइतकं हे चमकत नाही, पण कार्यक्षमता म्हणतात ती हीच.

त्यासाठी चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजना आली. जून २०१७ मध्ये महापालिकेने मुंबई शेअर बाजारात ७.५९ टक्के दराने २०० कोटींचे कर्जरोखे विकले. कित्येक वर्षांत असं करणारी ही पहिली मोठी महापालिका म्हणून त्याचा गाजावाजा झाला. नव्या टाक्या, नव्या जलवाहिन्या, दुरून वाचता येणारे मीटर. मीटरला विरोध झाला, ठिकठिकाणी कामं अडली, आणि पाच वर्षांत व्हायचं काम मुदत उलटूनही पूर्ण झालेलं नाही.

दरम्यान पश्चिमेच्या नव्या सोसायट्यांत टँकर फिरत राहिले. समजा दहा हजार लिटरचा टँकर जाऊन-येऊन वीस किलोमीटर धावला आणि लिटरला चार किलोमीटर दिले, तर पाच लिटर डिझेल, म्हणजे १३ किलोंच्या वर कार्बन. हजार लिटरमागे १.३ किलो. तेच हजार लिटर पाणी पंपाने शंभर मीटर उंच चढवायला साधारण ०.३ किलो पुरतात. टँकरचं पाणी चौपटीहून जास्त कार्बनचं आहे, आणि तो टँकर नेमक्या त्याच बाणेर-बालेवाडीत शिरतो जिथे स्मार्ट सिटीचे फलक लागले.

कचरा, ज्याला सेन्सर लागला नाही

पुण्यात कचऱ्याचं काम ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून करते, २००८ पासून. तीन हजारांहून जास्त सदस्य, बहुसंख्य स्त्रिया, दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा घेतात आणि सुक्यातून विकण्याजोगं काढून भंगार बाजारात पोहोचवतात. पुठ्ठा, प्लॅस्टिक, धातू परत कारखान्यात गेला की नवा बनवायची ऊर्जा वाचते. ओला कचरा वेगळा राहिला तर उरुळी देवाचीच्या कचराडेपोतल्या ढिगात मिथेन कमी तयार होतो. स्मार्ट सिटी नसती तरी हे झालंच असतं, कारण ते आधीपासून होत होतं. या बायकांच्या करारांना मुदतवाढ मिळताना दरवेळी जी घासाघीस होते ती बघता, शहराला आपल्या सर्वांत स्वस्त कार्बन-यंत्रणेची किंमत कळलेली दिसत नाही.

या सगळ्याची बेरीज करू गेलं तर माझं मत असं बनतं. उपकरण बदलून जे मिळतं, ते पुण्याला थोडंफार मिळालं. दिवे त्यातले, बसची इंजिनं त्यातली. वागणूक, जागा आणि दर बदलून जे मिळतं, ते मिळालं नाही, कारण ते स्मार्ट सिटी कंपनीच्या हातातच नव्हतं. पार्किंग सभेच्या हातात, बसमार्ग सभेच्या आणि पोलिसांच्या हातात, वीज राज्य आणि केंद्राच्या, हिंजवडी आणखी कुणाच्या. कंपनी वेगळी काढण्यामागचा हेतू काम वेगाने व्हावं हा होता, आणि कामं झालीही. मात्र कार्बनचे मोठे नळ ज्यांच्या हातात आहेत त्यांना त्या कंपनीच्या संचालक मंडळाकडून काही करून घेता आलं नाही. चीनमध्ये तोच महापौर आणि तोच पक्ष पार्किंगपासून कारखान्यापर्यंत सगळं ठरवतो. तिथले निष्कर्ष इकडे जसेच्या तसे आणणाऱ्यांनी एवढा फरक तरी नोंदवावा.

मिशन संपल्यावर कंपनीची कामं महापालिकेकडे येऊ लागली. नवा आराखडा, नवा सल्लागार न नेमता तीन आकडे दरमहा जाहीर करता येतील. घरात पोहोचलेल्या दशलक्ष लिटर पाण्यामागे पंपांनी किती युनिट खाल्ले: वीजबिलं पाणीपुरवठा खात्याकडे असतात, पाणी किती पोहोचलं ते बसलेल्या मीटरांवरून कळतं. इलेक्ट्रिक बसचं मार्गवार भारमान आणि किलोमीटरमागची वीज: तिकीट यंत्रांत एक आहे, ठेकेदाराच्या बिलात दुसरं. आणि टँकरच्या फेऱ्या, भरणा केंद्रांवरच्या नोंदींप्रमाणे. पायाभूत वर्ष २०१५ आता मिळणार नाही. २०२५-२६ धरायला हरकत नाही, फक्त हद्द तीच ठेवायची आणि हिंजवडीचा प्रवास कुणाच्या खात्यात हे एकदा लिहून टाकायचं.